पापण्यांच्या ऑपरेशनला निघालात?

१. आधी नक्की काय लोंबतंय ते कळू द्या. बहुतेकदा वरच्या पापणीची कातडीच सैल होऊन उतरते; पण कधी पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलेला असतो, कधी भुवईच खाली आलेली असते. तिन्हींचं ऑपरेशन वेगळं. माझ्या डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि भुवई बोटाने वर धरली. भुवई उतरलीय की पापणी, हा फरक तेव्हा कळला. पार्लरमधल्या सल्ल्याला हे कुठून जमणार!

२. निव्वळ दिसण्यासाठी करत असाल तर मेडिक्लेम विसरा. पापणीमुळे वरचं दिसणंच अडत असेल, तर नजरेच्या आवाक्याच्या तपासणीचा (फील्ड टेस्टचा) रिपोर्ट जोडून विमा कंपनीला विचारून पाहा.

३. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, डोळ्यांचा कोरडेपणा, थायरॉइड, सगळं सांगून टाका. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. डोळे आधीच कोरडे असतील, तर ऑपरेशननंतर जास्त चुरचुरतात.

४. कुठे कापायचं त्याच्या पेनाच्या खुणा तुम्हाला बसवूनच करतात, कारण आडवं झालं की कातडी सरकते. भूल जागेपुरती असते. तिची सुई चांगलीच झोंबते, नंतर दुखत नाही. मला जाग होती. ‘डोळे उघडा, मिटा’ असं सांगत होते. मध्येच जळकट वास आला, तो रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राचा. हे आधी माहीत असलेलं बरं.

५. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज भरात असते आणि काळंनिळं गालापर्यंत उतरतं. शेजारची सून म्हणाली, “काकू, पडलात का हो?” मलमामुळे धूसर दिसतं. पहिले 48 तास थंड शेक, उशाला दोन उश्या, खाली वाकून कामं नाहीत. टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी निघतात. काजळ आणि लेन्स दोन आठवडे लांबच. घरात लग्न असेल तर दीड-दोन महिने तरी आधी उरका.

६. काळी वर्तुळं आणि कडेच्या सुरकुत्या याने जात नाहीत. दोन्ही डोळे तंतोतंत सारखेही होत नाहीत. ते आधी तरी कुठे होते?

७. ऑपरेशननंतर डोळ्यात अचानक जोराची कळ आली, डोळा बाहेर आल्यासारखा टणक झाला किंवा दिसेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. असं क्वचित होतं, पण आतल्या रक्तस्रावाने नजर जाऊ शकते. मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा आणि तसेच हॉस्पिटल गाठा.