जन्माने कोणी चोर नसतो

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतील मुलांना फिरस्ते लोक अगदीच अपरिचित नसतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर ही त्यांनी पाहिलेली, निदान वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असतात. परंतु त्याचबरोबर ‘रडलास तर पोतराज झोळीत घालून नेईल’ हा धाकही कानी पडतो, आणि कोवळ्या मनात संशय रुजतो.

या संशयास इंग्रजी अमदानीत कायद्याचे बळ मिळाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. या लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरास तर त्यांची तारेच्या कुंपणातील वसाहत होती. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात. महाराष्ट्राच्या यादीत बेरड, कैकाडी, वडार, पारधी यांच्याबरोबर वाघरीही आहेत. मुंबईच्या अनेक बोहारणी याच समाजाच्या.

कायदा गेला, तरी दृष्टी पालटली नाही. त्याच यादीतील एका जमातीचे नाव ‘भामटा’ आहे. आपण मात्र लबाड माणसास तो शब्द लावतो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून वा खेळ करून पैसे मागणे हीही भिक्षाच मानली. पिढीजात कला अशा रीतीने अपराधाच्या पंक्तीस बसली.

संशय कोठवर जातो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ती केवळ अफवा होती. घरातला धाक आणि ही अफवा यांचे मूळ एकच. युरोपातील रोमा लोकांवरही हाच आळ शतकानुशतके येत आला. त्यांची भाषा मूळची भारतीय. ते पाण्याला ‘पानी’ व कानाला ‘कान’च म्हणतात.

शिक्षकांनी हा पाठ शिकविताना वर्गातील कोणत्याही मुलाकडे बोट दाखवून त्याची जात विचारू नये. वस्तू हरवल्यास नव्या मुलाचे दप्तर प्रथम तपासू नये.

अभ्यास
१. ‘विमुक्त’ या शब्दाचा अर्थ काय?
२. एकाच्या चुकीसाठी साऱ्या जमातीस दोष देणे अन्यायाचे का?
३. जातीच्या नावावरून झालेली शिवी आपण का वापरू नये?