ग्रामसभेत पहिले पाऊल

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला भारतीय संविधानात स्थान मिळाले. ग्रामपंचायतीचे सदस्य होण्यासाठी निवडून यावे लागते. ग्रामसभेचे सदस्यत्व मात्र गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषास आपोआप लाभते. त्यासाठी अर्ज, वर्गणी वा शिफारस यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही.

असे असूनही आयुष्यात एकदाही ग्रामसभेस न गेलेली माणसे गावोगाव आढळतात. ‘आपल्याला त्यातले काय कळते’, ‘चारचौघांत बोलायचे कसे’, ‘बोलून तरी काय होणार’ हे तीन प्रश्न त्यांना घरी बसवितात. काहीजण जातात, परंतु मंदिराच्या ओट्याशी वा शाळेच्या व्हरांड्यात मागे उभे राहून, एक शब्दही न बोलता परत येतात. अशा नवख्या सभासदाने सभेत कसा भाग घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सभा केव्हा आणि कशी भरते

महाराष्ट्रातील कायद्यानुसार प्रत्येक आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा होणे बंधनकारक आहे. पुरेशा कारणावाचून सभा न बोलावणाऱ्या सरपंचास आपले पदही गमवावे लागू शकते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस सभेसाठी पुष्कळ ठिकाणी रूढ झाले आहेत. सर्वसाधारण सभेची सूचना किमान सात दिवस अगोदर द्यावी लागते. ही सूचना पंचायतीच्या फलकावर लावली जाते, तसेच गावात दवंडीही दिली जाते. सूचनेसोबत सभेपुढे येणाऱ्या विषयांची यादी, म्हणजेच विषयपत्रिका असते. नवख्या सभासदाने सर्वप्रथम ही विषयपत्रिका वाचावी. वाचता येत नसल्यास घरातील शाळकरी मुलाकडून ती वाचून घ्यावी.

ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद आहे. वडीलधाऱ्या पुरुषांसमोर बोलण्याचा संकोच वाटणाऱ्या भगिनींना आपले म्हणणे मांडण्याचा पहिला सराव तेथे होऊ शकतो. महिला सभेने केलेल्या सूचना पुढे ग्रामसभेपुढे ठेवता येतात. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या केंद्रीय कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा मान्य केली आहे.

अनुपस्थितीची किंमत

सभेचे काम चालण्यासाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. हिलाच गणपूर्ती किंवा कोरम म्हणतात. कोरमअभावी सभा तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहात नाही. मूळ विषयपत्रिकेवरील विषयांचा निर्णय मग जे कोणी उपस्थित असतील ते करतात आणि तो निर्णय साऱ्या गावाचा ठरतो. वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी लाभार्थी निवडणे, पंचायतीचा वार्षिक जमाखर्च पाहणे, विकास आराखड्यास संमती देणे ही महत्त्वाची कामे ग्रामसभेची आहेत. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला. सबब त्या पैशातून कोणत्या वस्तीचा रस्ता आधी व्हावा, हा प्रश्न आता गावातच सुटतो. सभेस न जाणारा मनुष्य तटस्थ राहतो असे नव्हे. तो आपला निर्णय इतरांच्या हाती सोपवितो.

जाण्यापूर्वीची तयारी

पहिल्या सभेत बोललेच पाहिजे असे नाही. एक-दोन सभा नुसते ऐकण्यात घालविल्या तरी ते चुकीचे नाही. सभा कोणत्या क्रमाने चालते, विषय कसा मांडतात, ठरावाला सूचक आणि अनुमोदक कसे लागतात, हे त्यातून आपोआप समजते. सभेच्या आरंभी मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. हा भाग लक्षपूर्वक ऐकावा. मागे काय ठरले आणि त्यातील किती झाले, याचा ताळा येथेच लागतो.

स्वतःचा विषय मांडावयाचा असेल तर तो सभेपूर्वी पंचायतीच्या सचिवाकडे, ज्यास लोक आजही ग्रामसेवक म्हणतात, लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ऐनवेळी मांडलेला विषय ‘पुढच्या सभेत पाहू’ असे म्हणून बाजूस पडण्याचा संभव अधिक असतो. तोच प्रश्न असलेल्या चार शेजाऱ्यांशीही आधी बोलून ठेवावे. एकट्याची तक्रार आणि वस्तीची मागणी यांत फरक आहे.

बोलावे कसे

समजा, एका वस्तीच्या नळाला गेले दोन महिने आठवड्यातून एकदाच पाणी येते. सभेत उभे राहून ‘आमच्याकडे कुणाचेच लक्ष नाही, पंचायत झोपली आहे’ असे म्हणणे सोपे आहे. त्याने मन हलके होते, पण इतिवृत्तात लिहिण्याजोगे काही हाती लागत नाही. याउलट, ‘सरपंचसाहेब, आमच्या वस्तीत चाळीस घरे आहेत. दोन महिन्यांपासून आठवड्यातून एकच दिवस पाणी येते. टाकीपासूनची जलवाहिनी येत्या पंधरा दिवसांत तपासावी आणि तोपर्यंत एक दिवसाआड पाणी सोडावे, असा ठराव मी मांडते,’ असे म्हटल्यास सभेला निर्णय करणे भाग पडते. अडचण कोणती, ती किती जणांची आहे आणि नेमके काय हवे, या तीन गोष्टी थोडक्यात सांगितल्या म्हणजे भाषण पूर्ण झाले. वक्तृत्वाची येथे गरज नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. बोलणे अध्यक्षांना उद्देशून असावे. चालू विषय सोडून भलताच विषय काढू नये. कामावर टीका जरूर करावी, माणसाच्या घराण्यावर, जातीवर वा जुन्या भाऊबंदकीवर जाऊ नये. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून मगच उत्तर द्यावे. एस.टी. बस किंवा वीज यांसारखा विषय पंचायतीच्या अखत्यारीत नसला, तर संबंधित खात्याकडे मागणी करणारा ठराव सुचवावा.

जे लिहिले तेच उरते

सभा संपली, लोक पांगले, की बोललेले शब्द वाऱ्यावर जातात. इतिवृत्ताच्या वहीत उतरलेला ठराव तेवढा मागे राहतो. म्हणून सभा संपण्यापूर्वीच ‘आमचा ठराव कसा लिहिला, तो वाचून दाखवावा’ अशी विनंती करावी. त्यात मुदत आणि जबाबदारी यांचा उल्लेख असल्याची खात्री करावी. कोऱ्या जागेवर किंवा मजकूर न वाचता सही अथवा अंगठा देऊ नये. ठरावाची नक्कल मागता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचाही त्यासाठी आधार आहे. पुढील सभेत इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा ‘त्या ठरावाचे काय झाले?’ एवढाच प्रश्न विचारावा. अनेक रखडलेली कामे या एका प्रश्नाने हलतात.

काही गावांचे दाखले

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत पाडली. अवघड विषयांचा उलगडा व्हावा म्हणून गावात अभ्यासगट बसत असे आणि निर्णय मात्र ग्रामसभेतच होई. या गावास २००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावीत हे गाव ठरविते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. एका गावच्या वहीतील ठराव साऱ्या राज्यापुढे आदर्श म्हणून ठेवला गेला.

या तिन्ही गावांतील माणसे जन्मजात वक्ते नव्हती. ती सभेस आली, एकमेकांचे ऐकून घेतले, ठरले ते लिहून ठेवले आणि लिहिले ते पाळले. हे सामर्थ्य प्रत्येक गावाच्या अंगी आहे. पुढील दवंडी कानी पडेल तेव्हा हातातील काम घटकाभर बाजूस ठेवून, शक्य तर एका शेजाऱ्यास सोबत घेऊन, आपण सभेच्या जागी जाऊन बसावे. पंचायत राज्यातील आपले पहिले पाऊल तेच होय.