लिनक्स संगणक अद्ययावत होत नसेल तर

भिलाईच्या कुरुद भागातील एखाद्या घरी लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना संगणक आहे, असे समजू. घरातील मंडळी त्यावरूनच वीजबिल भरतात, बँकेचे खाते पाहतात. एके दिवशी अद्ययावत करण्याची आज्ञा दिल्यावर पडद्यावर त्रुटींची रांग उमटते आणि 'चालते आहे ना, मग असू द्या' असे म्हणून विषय सोडून दिला जातो. खरा धोका येथेच आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या, संकेतस्थळांशी होणारा संवाद गुप्त राखणाऱ्या आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' दोष उघड झाला. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती उपलब्ध केली. परंतु ज्या संगणकांचे अद्ययावतीकरण अडून बसले होते, त्यांना तिचा काय उपयोग?

लिनक्सच्या आज्ञावली 'पॅकेज' या रूपात रिपॉझिटरीमध्ये, म्हणजे भांडारात ठेवलेल्या असतात. डेबियन व तिच्यावर आधारित प्रणालींत (सी-डॅकची 'बॉस' त्यांपैकीच) 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा केवळ भांडाराची यादी आणते. प्रत्यक्ष बदल 'ॲप्ट अपग्रेड' करते. पासबुक भरून घेणे आणि पैसे काढणे यांत जो फरक, तोच येथे.

त्रुटी दिसताच प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. हा उपाय क्षुल्लक वाटतो, म्हणूनच तो सर्वांत शेवटी सुचतो. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि भांडाराची यादी 'अद्याप वैध नाही' असे उत्तर मिळते. पुढील तारखेचा धनादेश आज वटत नाही, तसेच हे.

घड्याळ बरोबर असूनही '४०४' हा आकडा दिसला, तर भांडाराचा पत्ता बदललेला असण्याचा संभव असतो. जून २०१७ मधील डेबियन ९ चे दीर्घकालीन साहाय्य जून २०२२ मध्ये संपले व पुढे तिचे भांडार अभिलेखागारात गेले. सेंटओएस ७ चीही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अभिलेखागाराचा पत्ता घातल्यास जुनी पॅकेजे मिळतात, नव्या दुरुस्त्या मात्र मिळत नाहीत. त्यामुळे तो मुक्काम तात्पुरताच समजावा. महत्त्वाच्या धारिकांची प्रत वेगळी ठेवून नवव्यावरून दहाव्या, दहाव्यावरून अकराव्या आवृत्तीवर असे क्रमाने जावे. मधली आवृत्ती गाळू नये.

स्वाक्षरीविषयीची त्रुटी बँक कर्मचाऱ्यांना सहज उमजेल. भांडाराच्या यादीवर अंकीय स्वाक्षरी असते आणि संगणक ती आपल्याजवळील किल्लीशी, नमुना स्वाक्षरीप्रमाणे, ताडून पाहतो. डेबियनमध्ये ही व्यवस्था एप्रिल २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. किल्लीची मुदत संपली असल्यास प्रणालीच्या अधिकृत स्थळावरून नवी घ्यावी. ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो मानणे म्हणजे स्वाक्षरी न पाहता धनादेश वटवणे होय.

वीज गेल्यामुळे काम अर्धवट राहिले असल्यास 'डीपीकेजी' या साधनाच्या 'कॉन्फिगर' आज्ञेने राहिलेली पॅकेजे आधी मार्गी लावावीत, आणि मगच पुन्हा अद्ययावतीकरण सुरू करावे.