वळताना आवाज येतो? आधी सांधा तपासा

मालव्यात पावसाळा सरला की सोयाबीन निघते आणि आमच्यासारख्यांचे पिकअप सतत रस्त्यावर असतात. देवासहून इंदूर, बेटमा, घाटाबिल्लोद करत धारला जाणे हे नित्याचेच. अशाच एका हंगामात आमच्या गाडीतून आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर काही नाही. पण भरलेली गाडी मंडीच्या फाटकात डावीकडे वळवली की पुढच्या उजव्या बाजूने एकच जाड ‘टक्’ ऐकू यायचा. रिकामी गाडी मात्र गप्प.

एका गॅरेजमध्ये आधी शॉकअप बदलले, मग अँटीरोल बारच्या लिंका. पैसे गेले, आवाज राहिला. दोन्ही वेळा गाडी रिकामीच तपासली गेली, आणि जॅक चासीखाली लावून. चाक हलवून पाहिले, ढिलाई सापडली नाही.

शेवटी धारच्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. पान्याला हात लावण्याआधी त्यांनी चौकशी केली: गाडी भरलेली असते की रिकामी? कोणत्या बाजूला वळताना? ब्रेकवर पाय असतो का? मग त्यांनी उजव्या चाकाजवळ खालच्या आर्मखाली जॅक लावला, टायरखाली पहार घालून चाक वर उचलले, आणि तोच ‘टक्’ उमटला. खालचा बॉल जॉइंट झिजला होता. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेले होते आणि आत काळी माती शिरली होती.

जॅकची जागा बदलताच दोष का दिसला, हे प्रत्येक पिकअपमालकाने समजून घ्यावे. आमच्या गाडीत पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. जॅक चासीखाली लावला की चाक लोंबकळते, स्प्रिंग आर्मला खाली रेटते, सांधा ताणलेला राहतो आणि त्यातली ढिलाई झाकली जाते. आर्मखाली जॅक लावला की तो ताण सुटतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल किंवा स्ट्रटची रचना असेल, तर मात्र चासीखालीच जॅक हवा. शिवाय डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो. म्हणून आवाज ज्या वजनात आणि ज्या वळणावर येतो, ती स्थिती लक्षात घेतल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ साली सुरू झाला. पण तिथे गाडीचा कस पाहणारे खराब रस्तेही मुद्दाम बांधलेले आहेत. गाडी जशी वापरली जाणार, तशीच ती तपासायची, हे तत्त्व आपल्या गॅरेजलाही लागू आहे.

आता तपासणीचा क्रम. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा, चाकांना अडण लावा. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने टाय-रॉडच्या टोकांवर हात ठेवावा. ढिलाई बोटांना जाणवते. मग चाक योग्य जागी उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन पाहा. चाक फक्त आडवे धरल्यावर हलत असेल, तर संशय टाय-रॉडवर.

आवाज मागून येत असेल तर कमानीच्या शॅकलचे बुश, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल जागचा सरकू शकतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळल्यावर कमी-जास्त होणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. पुढची चाके इंजिनावर फिरणाऱ्या गाडीत पूर्ण वळणावर ‘कटकट’ आली, तर सीव्ही जॉइंट तपासा.

दुरुस्तीतही घाई नको. जॉइंटला कॉटर पिन असेल तर ती नवीच घाला. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर रबर पिळून लवकर फाटते. यू-बोल्ट थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा आवळा. दुसऱ्या बाजूचा जॉइंट बघा आणि अलाइनमेंट करून घ्या. पावसाळा संपताच गाडी खालून धुऊन प्रत्येक रबरी बूट तपासा. आपली काळी माती ओली असताना फटीत शिरते आणि सांध्यातले धातू खरवडत राहते. ग्रीस निपल असतील तिथे दर सर्व्हिसला ग्रीस भरा.

हे कळकळीने लिहितो, कारण बॉल जॉइंट निसटला तर चाक वाकडे होऊन पडते आणि स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही. भरलेली गाडी अशी गणेश घाटाच्या उतारावर किंवा मांडवगडच्या वळणांवर असेल, तर चालकाच्या हातात काही राहत नाही. समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. म्हणून चालक आवाजाबद्दल सांगतो तेव्हा त्याचे ऐका. वजन, दिशा, वेग, ब्रेक या चार गोष्टी कागदावर लिहून मिस्त्रीला द्या. दोष हाताला लागल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नका. आणि बॉल जॉइंट ढिला निघाला, तर हंगाम कितीही जोरात असो, तो बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. माल दुसऱ्या गाडीने पाठवा.