मेडिकलला नंबर लागेपर्यंत

ये, बस. फोन उलटा ठेव आणि आन्सर की आता पुन्हा उघडू नकोस. कितीही वेळा पडताळली तरी चुकलेलं उत्तर बरोबर येत नाही. नीट देऊन झाली, निकाल यायचाय आणि घरात सगळे तुझ्याभोवती दबकत वावरतायत. आत्या फोनवर विचारते, "किती येतायत गं?" शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतात, "बीजेला लागेल ना?" जणू बीजे मेडिकल म्हणजे पीएमपीचा थांबा, बस आली की चढायचं.

कोणी विचारत नाही ते मी विचारते. नाहीच लागला नंबर, तर काय करशील?

तोंड पाडू नकोस. हा अपशकुन नाही. या प्रश्नाचं उत्तर निकालाच्या आधीच ठरायला हवं. निकालाच्या दिवशी तू एक तर रडत असशील नाही तर हवेत असशील, आणि अशा वेळी घरात ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं. आज डोकं थंड आहे, तर आजच बोलू.

आधी आकडे, म्हणजे गैरसमज राहायला नको. २०२५ साली देशभरात २२ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. त्यातली १२ लाख ३६ हजारांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सरकारी, खासगी, डीम्ड सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. त्या वर्षी खुल्या गटात पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४. म्हणजे 'क्वालिफाय झाले' याचा अर्थ फॉर्म भरता येईल, एवढाच. तेवढ्यावर पेढे वाटू नका असं आईला आत्ताच सांगून ठेव.

दुसरं, मार्कांवर जाऊ नकोस, रँकवर जा. २०२४ च्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारी ६७ मुलं होती. २०२५ ला पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. त्यामुळे मामेभावाला किती मार्कांवर कुठं मिळालं, हा हिशेब तुझ्या कामाचा नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या निवड याद्या उघड. प्रत्येक कॉलेजात तुझ्या प्रवर्गातून शेवटच्या फेरीत आत गेलेल्या मुलाची रँक वहीत उतरवून काढ. बीजे, महापालिकेचं २०२२ ला सुरू झालेलं वाजपेयी कॉलेज, नऱ्ह्याचं नवले, तळेगावचं मायमर, आणि हो, पुण्याबाहेरचीसुद्धा. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडिया कोट्याच्या, त्या केंद्राची समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, एएफएमसीला, जायचं मनात असेल तर तिथं नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असते आणि मुलींना जागा मोजक्या. या यादीपुढं एक संध्याकाळ बसलीस की आपण कुठं आहोत ते तुला कळेल. कोणी सांगायची गरज उरणार नाही.

आता कॅलेंडर. खरी कोंडी इथंच होते. २०२५ मध्ये परीक्षा ४ मेला झाली, निकाल १४ जूनला लागला आणि मेडिकलच्या फेऱ्या नोव्हेंबरपर्यंत रेंगाळल्या. बाकीचं जग तेवढं थांबत नाही. फर्ग्युसन, एसपी, गरवारे, मॉडर्न, सगळ्यांचे बीएस्सीचे प्रवेश तोपर्यंत उरकलेले असतात आणि वर्ग सुरू झालेले असतात. फार्मसी आणि अॅग्रीच्या फेऱ्या त्यांच्या त्यांच्या गतीनं पुढं जातात. 'आधी मेडिकलचं कळू दे, मग बघू' म्हणणारी मुलगी ऑक्टोबरात खरंच रिकाम्या हातानं उभी असते. म्हणून एक जागा आत्ताच धरून ठेव. फी बुडेल अशी बाबांना धास्ती असेल. यूजीसीनं २०२४ साली ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्या, असं कॉलेजांना बजावलं होतं. यंदाची तारीख ऑफिसात विचारून घे आणि उत्तर लेखी माग. मूळ एलसी जमा करायची वेळ आली तर आधी चार साक्षांकित प्रती काढून ठेव.

आता पर्याय. इथं मला जरा भांडायचंय तुझ्याशी. तू 'नाही तर बीएएमएस' असं म्हणतेस ना, त्यातलं ते 'नाही तर' मला खटकतं. रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद १९३३ पासून उभं आहे. तिथं शिकायचं म्हणजे पहिल्याच वर्षी संस्कृत आणि संहिता, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आयुर्वेदाची ओढ असेल तर ही वर्षं भुर्रकन जातील. नुसतं नावापुढं 'डॉ.' हवं असेल तर दुसऱ्याच वर्षी तुला स्वतःचा राग यायला लागेल. डेंटलचं तेच, होमिओपॅथीचं तेच. पाटीवर काय लिहिलंय ते सोड. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हातानं काय करावं लागतं ते बघ.

बघ म्हणजे खरंच जाऊन बघ. ओळखीच्या फिजिओथेरपिस्टना विचार, ओपीडीत एक सकाळ कोपऱ्यात बसू द्याल का म्हणून. गुडघा बदललेल्या आजी कॉटवर पडलेल्या असतात. तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्या पायाला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावते, हळूहळू गुडघा वाकवते, आजी ओरडतात, ती थांबते, पुन्हा वाकवते. काल सत्तर अंश होता, आज पंचाहत्तर. ती तेवढं कागदावर लिहिते आणि दोघी हसतात. दिवसभराचं काम म्हणजे असे पाच-पाच अंश. ते बघून तुझा चेहरा उजळला तर फिजिओ तुझं. कंटाळा आला तर नाव खोडून टाक. बोलायला अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करायचं तर ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी आहे. ऑक्युपेशनल थेरपी आहे. कृत्रिम हातपाय बनवण्याची पदवी आहे. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, म्हणजे हे काही कालचं क्षेत्र नव्हे. महाराष्ट्रात हे सगळे प्रवेश नीटवरच होतात.

व्हेटर्नरीसुद्धा नीटवरच. शिरवळचं कॉलेज आपल्यापासून खंबाटकी घाटाच्याही अलीकडं. पण ते म्हणजे घरातल्या मांजराला कुरवाळणं नव्हे हं. पावसात गोठ्यात उभं राहून अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायची तयारी लागते. पुढं खासगी प्रॅक्टिस आहे, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं. चिखलाचं वावडं नसेल तर मला हा पर्याय फार उजवा वाटतो.

नीटच्या बाहेरही बरंच आहे. पीसीबीची एमएचटी-सीईटी दिली असशील तर फार्मसी आणि अॅग्री खुलं आहे. नर्सिंगची सीईटी वेगळी. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेची परीक्षा चांगली, पण तिथं जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांना सारखं वजन आहे. अकरावीत गणित सोडलं असेल तर ते जड जाईल, हे धरून चाल. आणि साधी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी? नाक मुरडू नकोस. विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, पेशींवर काम करणारी एनसीसीएस, आघारकर संशोधन संस्था, लसी बनवणारी हडपसरची सीरम, एवढं सगळं एका शहरात असताना पुण्याच्या मुलीनं मायक्रोला 'साधं' म्हणायचं म्हणजे कमाल झाली.

कमल रणदिवे यांचं नाव ऐकलंयस? माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म, शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसनला जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची फार इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली, गणितज्ञाशी लग्न केलं, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केली, तीही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ ला पीएचडी. पेशी शरीराबाहेर वाढवायची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केलं, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा रस्ता एमबीबीएसवरून गेलाच नाही. त्यांना कोणी नाकारलं नव्हतं, त्यांनी स्वतः निवडलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण निवडलेल्या विषयात माणूस किती लांब जातो, एवढं तरी त्यांच्याकडून घे.

आता ड्रॉपचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देण्याचं, बोलू. तुला वाटतंय मी नको म्हणीन. सरसकट नाही म्हणणार. बायोला ३०० च्या वर आणि फिजिक्सला ६० असतील तर एका वर्षात फिजिक्स उभं करता येतं. परीक्षेच्या वेळी आजारी होतीस, तर त्यालाही अर्थ आहे. पण दोन वर्षं क्लास लावून तिन्ही विषय सारखेच मागे असतील, तर तिसऱ्या वर्षी नवीन काय करणार, हे आधी चार वाक्यांत लिहून दाखव. 'जास्त मेहनत करीन' हे वाक्य चालणार नाही. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ ला काढून टाकली. ऐकायला बरं वाटतं, पण यातच माणूस अडकतो. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघ, 'यंदा शेवटचं' म्हणत किती जण किती वर्षं बसलेत. सीमा परीक्षा घालून देत नाही, तर ती आपणच घालायची. एक ड्रॉप, त्याच्या पुढं नाही. आणि एका कॉलेजात नाव घालून मनानं रिपीटर बॅचला बसायचं, असले पार्शल ड्रॉप तर नकोच. दोन्हीकडचं जातं.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. बाबांना सरळ विचार, "आपल्याला किती झेपेल?" डीम्ड कॉलेजांत काही ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या पुढं आहे. फेरी चालू असताना रात्री अकरा वाजता घर गहाण टाकायची चर्चा करायची नसते, ती आत्ता करायची. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असशील, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. डीम्डला आणि मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. परदेशातलं एमबीबीएस कोणी एजंट गळ्यात मारत असेल तर परदेशी पदवीसाठीचे २०२१ चे नियम त्याच्या तोंडावर वाच. किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा. नीट पात्रता तिथंही लागतेच.

आणि प्रेफरन्स फॉर्म. भरताना बाबा मागून म्हणतील, "टाकून तर ठेव, टाकायला काय जातंय?" जातं. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडून बाहेर पडता येतं, दुसऱ्या फेरीपासून अनामत जाते, आणि डीम्डसाठी ती अनामत दोन लाखांची आहे. राज्याच्या फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात, ते क्लासच्या सरांच्या तोंडून ऐकू नकोस, स्वतः वाच. जिथं खरंच जाशील तेच टाक, आणि आवडीच्या क्रमानं टाक. 'मिळेल का' याचा क्रम लावत बसू नकोस.

रात्र रात्र झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर मला उठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. यात कमीपणा काही नाही.

आज जेवणं झाली की आईबाबांना घेऊन बस आणि एका कागदावर लिहा: कुठल्या रँकपर्यंत एमबीबीएस, त्याच्या खाली पहिला पर्याय कोणता आणि का, ड्रॉप घ्यायचा तर कोणत्या अटीवर, आणि पैशाची शेवटची मर्यादा किती. तिघांनी खाली सह्या करा. आत्या, काका, क्लासचे सर यांची सही नको. मग उद्या सकाळी डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर आणि जातीच्या व्हॅलिडिटीची फाईल तपास. काही कमी असेल तर तडक सेतू केंद्र गाठ. निकाल लागल्यावर तिथं पाय ठेवायला जागा नसते.