आईचा आजार लेकीला होतोच का?



मागच्या तिमाहीत एका पाड्यावर आम्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ठेवली होती. एक बाई दाराशीच थांबली. म्हणाली, "सिस्टर, माझी आई यानंच गेली. रक्तातच असेल तर तपासून काय उपयोग?" तिला जे सांगितले, तेच या पाठात सविस्तर मांडते.

हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. त्यामुळे या आजारावरून कोणाच्या चारित्र्याला बोल लावू नये.

बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत या विषाणूला आवरते. थोड्यांच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो, आणि अनेक वर्षांनी तिथे कर्करोग होऊ शकतो. हा फरक का पडतो? त्याचे एक कारण जनुकांत आहे.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुके असतात. बाजारात व्यापारी पोत्यातले मूठभर धान्य वानगी म्हणून दाखवतो ना, तसेच एचएलए प्रथिने पेशीतल्या विषाणूचे तुकडे बाहेर धरतात. ती वानगी पाहून संरक्षक पेशी शत्रूला ओळखतात. प्रत्येकाची 'मूठ' वेगळ्या घडणीची असते. कोणाच्या मुठीत विषाणूचा तुकडा नीट बसतो, कोणाच्या मुठीतून तो निसटतो. 'डीआरबी१*१३' या गटातली जनुके असलेल्या स्त्रियांना धोका कमी असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. स्वीडनमधील अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या बहिणी व मुलींना धोका सुमारे दुप्पट आढळला. दत्तक नात्यात तो तितका वाढलेला नव्हता.

म्हणजे त्या बाईच्या बोलण्यात तथ्य होते, पण अर्धेच. आईकडून येते ती मुठीची घडण, कर्करोग नव्हे. विषाणूच नसेल तर ती घडण एकटी हा रोग घडवत नाही. शिवाय रोगाआधी पेशींत होणारे बदल तपासणीत सापडतात आणि त्यावर उपचार होतात.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देण्यात आली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. त्यासाठी कोणाची जनुके तपासावी लागली नाहीत.

ती बाई शेवटी आत आली. जाताना तिने विचारले, "माझ्या पोरीचं काय?" मी म्हटले, "नऊ ते चौदा वर्षांच्या वयात तिला लस द्या. मोठी झाली की तपासणी चुकवू देऊ नका."

तुमच्याही घरात असे कोणी गेले असेल, तर ते तपासणी टाळण्याचे कारण मानू नका. लवकर जाण्याचे माना.