बंदीच्या दिवसांतले प्रवेश

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. नेमक्या त्याच दोन महिन्यांत पदवीचे प्रवेश, फी आणि वसतिगृहाची अनामत पुढ्यात येते. बोडणी, एकदरा, भरडखोलला तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात, खलाशाच्या हाती रोकड नसते आणि जाळ्यांचा खर्च चालूच असतो. मग घरात ‘पुढच्या वर्षी बघू’ असा शब्द निघतो. आईबाबांनो, हे वर्ष सोडू नका.

तयारी निकालानंतर नव्हे, आधी सुरू करा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्याचा अर्ज बारावी संपायच्या आत गेलेला बरा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर एप्रिल-मेमध्येच काढा. मुलाच्या नावाचे खाते आधारशी जोडून ठेवा, कारण महाडीबीटीवरून येणारी शिष्यवृत्ती त्यातच जमा होते. ती उशिरा येते, हे धरूनच चाला. प्रवेशाच्या वेळी ‘सवलत वजा जाता आम्ही किती भरायचे आणि हप्ते मिळतील का’ असे स्पष्ट विचारा. हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्याजेवणासाठी अनुसूचित जातींच्या मुलांना ‘स्वाधार’, आदिवासी मुलांना ‘स्वयम्’ योजना आहे. कातकरी वाडीवरच्या मुलापर्यंत ही माहिती पोचवणे शाळेतल्या गुरुजींचेच काम आहे असे मी मानतो.

पैशांची सोय झाली तरी पहिले सत्र अवघडच जाते. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात गेलेला कोळीवाड्यातला मुलगा वर्गात इंग्रजी ऐकून गप्प होतो आणि घरी ‘सगळं बरं आहे’ म्हणतो. त्याला ‘मला त्यातलं काय कळतंय’ असे सांगून फोन ठेवू नका. कोणत्या सरांशी बोललास, जेवायला सोबत कोण असते, हे विचारायला पदवी लागत नाही. एकदा वसतिगृह बघून या. परीक्षा लग्नसराईत येतात, तेव्हा प्रत्येक हळदीला त्याला बोलावू नका. हळदीसाठी कर्ज काढणारे घर फीसाठी मात्र कचरते, हे मला फार खुपते.

शिकता शिकता कमवायचे असेल तर रात्रपाळीपेक्षा कॉलेजातले काम बरे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग घालून दिला. उरणजवळ फुंड्याला त्याच संस्थेचे महाविद्यालय आहे. आपल्या कॉलेजात अशी योजना आहे का, हे प्रवेशाच्याच दिवशी विचारा. आणि पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर घाबरून त्याला होडीवर परत आणू नका. एटीकेटी असते, तो विषय पुढे सोडवता येतो.